मशीन चालू असताना तुम्ही काय करता?

लग्नात, वास्तुशांतीला, कधी आमच्याच कंपनीच्या ऑफिसात हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की एकदा नीट उत्तर देतो. "मेंटेनन्सला आहेस न्हवं? मग मशीन चालू असताना काय करतोस?" मी आयटीआय फिटर, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात.

फिरतो. नॉकआउटवरून, म्हणजे वाळूचे साचे फोडून कास्टिंग बाहेर काढतात तिथून, परतणारी वाळू गरम असते, तिच्यात बेंटोनाइट नावाची चिकणमाती आणि कोळशाची पूड असते, आणि ती धूळ सील ओलांडून बेअरिंगात शिरते. कन्व्हेअरचा एखादा रोलर जाम होतो, पट्टा त्याच्यावर घासत राहतो. आज कुणाला कळत नाही, काही दिवसांनी पट्टा फाटतो. कास्टिंगवर पोलादी गोळ्या मारून ते साफ करणाऱ्या शॉट ब्लास्टिंगचं एक ब्लेड जास्त झिजलं की व्हील थरथरतं, ते कानाच्या आधी पायाला कळतं. बकेट एलिव्हेटरचे बोल्ट, हायड्रॉलिकची गळती, क्रेनचे ब्रेक. सगळा प्लांट बंद मिळतो तो सुट्टीलाच, म्हणून दिवाळीत आम्ही कामावर. त्याची तक्रार नाही. पण "बसून पगार घेता" हे मी ऐकून घेणार नाही.

आणि भट्टी. इंडक्शन फर्नेसच्या आत १,४५० अंशांच्या आसपासचं वितळलेलं लोखंड, बाहेर तांब्याची कॉइल, तिच्या पोटातून वाहणारं पाणी. दोघांच्या मध्ये रॅमिंग मासचं, म्हणजे ठोकून बसवलेल्या उष्णतारोधक पुडीचं, काही इंचांचं अस्तर. धातूला चीर सापडली आणि तो कॉइलपर्यंत पोचला, तर कॉइल फुटते. एक लिटर पाण्याची सुमारे १,७०० लिटर वाफ होते. धातूखाली अडकलेली ती वाफ सगळा रस वर उडवते. याची चाहूल देणारा अर्थ लीकेजचा, म्हणजे जमिनीकडं गळणाऱ्या करंटचा, मीटर पॅनेलवर असतो. मर्यादा ओलांडली की भट्टी आपोआप ट्रिप होते.

एका रात्री या मीटरचा आकडा मर्यादेच्या आत होता, पण चढत होता. आदल्या दिवशी अस्तराला पॅचिंग, म्हणजे डागडुजी, झालं होतं. सुपरवायझर म्हणाला, "ओल असंल. हीट काढू, मग बघू." हीट म्हणजे भट्टीतला एक घाणा. त्याचं चूक नव्हतं, ताज्या पॅचिंगच्या ओलीनंही आकडा चढतो. मोल्ड तयार होते, रस ओतणारे पोअरिंगवाले लॅडल (ओतायचं भांडं) घेऊन उभे होते. मी पॉवर बंद केली. पाणी चालू ठेवलं, भट्टी कलवून रस रिकामा करायला लावला. बरीच ओरडाओरडी झाली.

भट्टी निवल्यावर अस्तर फोडलं. बॅटरीच्या उजेडात मी एकेक तुकडा उलटून बघितला. धातूची शीर कुठंच नव्हती. कॉइलच्या बाजूला एक ओलसर डाग होता. कॉइलला प्रेशर देऊन बघितलं, प्रेशर टिकलं. साहेबांनी सगळ्यांसमोर विचारलं, "मग बंद कशाला केलीस?" दाखवण्यासारखं माझ्या हातात काही नव्हतं. पाळीचं उत्पादन गेलं, पोरांचा इन्सेंटिव्ह बुडाला. पोअरिंगचा जो गडी भट्टीच्या सगळ्यात जवळ उभा राहतो, त्यानं बरेच दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. बटण दाबताना माझ्या डोळ्यांपुढं तोच होता. हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही.

नवीन लागलो तेव्हा माझं मत वेगळं होतं. बंद पडलेलं मशीन सगळ्यात लवकर चालू करतो तो चांगला मेकॅनिक, असं मी छातीठोक सांगायचो. तेव्हाच्या मी ती हीट काढली असती, आणि बहुतेक काहीच झालं नसतं. तो तरुण पोरगा आजही माझ्याशी भांडतो: प्रत्येक हलत्या आकड्याला भट्टी बंद करशील तर कंपनी कशी चालायची? त्याला देण्याजोगं उत्तर मला सुचत नाही. फुटलेली कॉइल दाखवता येते, न फुटलेली कशी दाखवणार? पण "उगाच घाबरलास" हेही मी मान्य करत नाही. चढता आकडा मी स्वतः बघितलाय.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आकडा पुन्हा तसाच चढला तर मी पुन्हा बंद करीन. पॅचिंगनंतरच्या पहिल्या हीट्सना दर काही मिनिटांनी रीडिंग लिहून ठेवावं, आकडा चढत असेल तर थांबायचा अधिकार पाळीच्या मेकॅनिकला द्यावा, असं मी लेखी दिलंय. रीडिंगचं रजिस्टर सुरू झालं. अधिकाराचं अजून कुणी बोललेलं नाही.