आमची वाटचाल: जोडणी मागं, दुरुस्ती पुढं

बेळगावच्या शहापूरला वडिलांनी सायकलचं दुकान काढलं तेव्हा मुख्य धंदा ताशी भाड्याचा. पंक्चर, आउट काढणं म्हणजे चाकाचा वाकडेपणा घालवणं, ओव्हरहॉलिंग हे जोडीला. पुढं भाड्याचं काम आटलं आणि लुधियानाहून सुट्या भागांत येणारी सायकल जोडून विकणं वाढलं. २००६-०७ पासून कर्नाटक सरकारनं आठवीच्या मुलामुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, तशी येळ्ळूर, धामणे, मच्छेकडची दुरुस्तीही आमच्याकडं येऊ लागली.

जूनमध्ये शाळा भरल्या की दोन्ही कामं एकदम अंगावर येतात. अर्धी जोडलेली सायकल सोडून कारागीर पंक्चरला उठला, तर कुठला नट आवळला आणि कुठला राहिला हे परत येईपर्यंत त्याच्या डोक्यातनं जातं. पोरं त्या सायकलीवर शाळेला जाणार. ब्रेकचा एक नट राहिलेला मला चालत नाही. म्हणून मी जागाच वाटून दिली. रस्त्याकडं दुरुस्ती, मागच्या खोलीत जोडणी. मागच्या माणसाला मधनं हाक मारायची नाही.

जोडणीत चाकं आधी. साध्या काळ्या सायकलीला मागं ४० आणि पुढं ३२ तारा. त्या ओढून, आउट काढून चाक सरळ फिरल्याशिवाय फ्रेमला हात लावायचा नाही. मग छरे, ग्रीस, चेन, ब्रेक. पॅडल शेवटी, आणि तेही जुन्या हातानंच: डाव्याचा आटा, म्हणजे पेचाचे वेढे, उलटा असतो, नवख्यानं जोर लावला की क्रँकचा, म्हणजे पॅडल बसतं त्या दांडीचा, आटा जातो.

दुरुस्तीचं निम्मं काम मात्र दारातच होतं. “मामा, चेन उतरत्या बघा,” असं कुणी म्हटलं की लगेच पाना उचलायचा नाही. आधी चेनीवर पट्टी लावायची. २४ कड्या बरोबर १२ इंच भरायला हव्यात. सूतभर जास्त भरली तर चेन गेली. फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या चाकावरच्या चक्राचे, दात झिजलेले असतील तर नवी चेनही त्यावर घसरते, मग दोन्ही बदलावं लागतं. हे गिऱ्हाइकाला दाखवून, खर्च सांगून, मगच हँडलला चिठ्ठी बांधायची, मराठी आणि कन्नड दोन्हीत. आमच्यातल्या एकाला कन्नडच वाचता येतं. माल दुकानात नसेल तर सायकल ठेवून घेत नाही. दूध घालायला येणाऱ्याची सायकल इथं अडकली तर त्याचा रतीबच बुडतो.

नव्या चाकाच्या तारा महिनाभर चालल्यावर थोड्या सैल पडतात. म्हणून विकलेली सायकल महिन्यानं परत बोलावतो, पैसे घेत नाही. ती पुढं न थांबवता थेट मागच्या खोलीत नेतो, ज्यानं जोडली त्याच्याच स्टँडवर. ताण कुठं कमी राहिला होता ते त्याच्याच बोटांना कळायला हवं.