एका फायरवॉलमागे दोन-तीन फोन सर्व्हर असतील तर

इंटरनेट फोनचा एकच सर्व्हर असेल तर फार काही नसतं, फायरवॉलवर ५०६० पोर्ट (कॉल जोडणाऱ्या एसआयपीचा नेहमीचा पोर्ट) त्याच्याकडे वळवला, आवाजाचे पोर्ट वळवले की कॉल सुरू. दुसरा सर्व्हर आला की खरी डोकेदुखी चालू होते. पब्लिक आयपी एकच असेल तर त्यावरचा ५०६० एकालाच मिळणार, कारण कॉल कुठल्या नंबरसाठी आलाय ते साधी नॅट (पब्लिक आणि आतले पत्ते एकमेकांत बदलणारी फायरवॉलची सोय) बघतच नाही, ती फक्त आयपी आणि पोर्ट बघते. मग दुसऱ्याला ५०७० द्या, आणि तो सर्व्हरच्या सेटिंगमध्येच बदला. बाहेर ५०७० आणि आत ५०६० असं करून चालतं, पण नंतर ट्रेस (पाकिटांची नोंद) वाचताना डोकं फिरतं.

आवाजाचं प्रकरण वेगळं. एसआयपी फक्त कॉल जोडतं आणि तोडतं, आवाज आरटीपीने जातो. ॲस्टेरिस्क या फोन सर्व्हर सॉफ्टवेअरच्या नमुना फाइलमध्ये त्यासाठी १०००० ते २०००० अशी रेंज असते, म्हणजे दोन ॲस्टेरिस्क लावले की दोघंही तेच पोर्ट वापरणार आणि फायरवॉल ते सगळे ज्याचा रूल वर आहे त्यालाच देणार, दुसऱ्यावरचे कॉल लागतील पण समोरच्याचा आवाज येणार नाही. म्हणून रेंज वाटून टाका, एकाला १०००० ते ११९९९, दुसऱ्याला १२००० ते १३९९९. एका कॉलच्या दोन्ही बाजू सर्व्हरमधून जात असतील तर आरटीसीपी (आरटीपीच्या जोडीचा नियंत्रणाचा प्रोटोकॉल) धरून चार पोर्ट लागतात, तेव्हा दोन हजारात एकावेळी पाचशे कॉल बसतात, बहुतेकांना पुष्कळ झाले.

पोर्ट बरोबर असूनही एकाच बाजूचा आवाज येत असेल तर एसडीपी (एसआयपीच्या निरोपातला, आवाज कुठे पाठवायचा ते सांगणारा भाग) बघा. नॅट पाकिटावरचा पत्ता बदलते, आतल्या पत्रातला, म्हणजे एसडीपीमधला, तसाच राहतो, आणि समोरचा आवाज पाठवतो तो पत्रातल्या पत्त्यावर, तिथे १९२.१६८ वालं काही, म्हणजे फक्त आतल्या नेटवर्कमध्ये चालणारा पत्ता, असेल तर तो कुठेच पोचत नाही. त्यामुळे प्रत्येक सर्व्हरला त्याचा पब्लिक पत्ता आणि आतलं नेटवर्क कोणतं ते सांगावंच लागतं. हे काम फायरवॉलच्या एसआयपी एएलजीवर (एसआयपीच्या निरोपातले पत्ते आपणहून बदलणारी सोय) सोडू नका, माझं मत विचाराल तर ते आधी बंद करा.

आता बाहेर जाणारी बाजू, जी बरेच जण विसरतात. पीएफसेन्स (एक फायरवॉल सॉफ्टवेअर) डीफॉल्टला बाहेर जाताना सोर्स पोर्ट बदलतो, तिथे या सर्व्हरसाठी स्टॅटिक पोर्ट (सोर्स पोर्ट न बदलण्याची सेटिंग) लावा. जास्तीचे पब्लिक आयपी मिळत असतील तर सरळ घ्या आणि प्रत्येक सर्व्हरला वन टू वन नॅट द्या, मग दोघांनाही ५०६० मिळतो आणि जाणारा ट्रॅफिकही त्याच आयपीवरून जातो. नुसतं पोर्ट फॉरवर्ड केलंत तर जाणारा ट्रॅफिक मुख्य आयपीवरूनच निघतो, आणि आयपी बघून ओळखणारा प्रोव्हायडर कॉल नाकारतो.

५०६० सगळ्या जगाला उघडा ठेवू नका, प्रोव्हायडरच्या आयपींपुरताच ठेवा, पासवर्ड शोधणारे स्कॅनर सतत फिरत असतात. आणि रूल बदलल्यावर जुन्या स्टेट (चालू जोडण्यांच्या फायरवॉलमधल्या नोंदी) नक्की उडवा, सर्व्हर थोड्या थोड्या वेळाने कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारी पाकिटं) पाठवत असतो म्हणून जुनी स्टेट आपोआप संपतच नाही आणि नवा रूल लागलाय असं वाटूनही ट्रॅफिक जुन्याच वाटेने जात राहतो.