रिकिबीत अडकलेला बूट अन् सोललेल्या पोटऱ्या

मागच्या वर्षी माळेगावच्या यात्रेतून येताना डोक्यात किडा शिरला की आता घोड्यावर बसायला शिकायचंच. नांदेड-परभणीकडच्यांना माळेगाव सांगायची गरज नाही, बाकीच्यांसाठी सांगतो, लोहा तालुक्यात खंडोबाची यात्रा भरते मार्गशीर्षात, अन् तिथला घोडेबाजार बघायला लोक कुठून कुठून येतात. मी देवदर्शन दहा मिनिटात उरकलं अन् घोड्यांतच तीन तास घालवले, बायको अजून ऐकवते.

घोडं घ्यायची काही आपली ऐपत नाही. पण आमच्या गावाजवळ एक मामा आहेत, त्यांच्याकडं दोन घोड्या, लग्नाच्या वरातीला देतात, तिथी नसल्या की घोड्या रिकाम्या अन् मामाबी रिकामे. म्हणले ये की मग, बस.

पहिल्या दिवशी मी ट्रॅकपँट अन् स्पोर्ट्स शूज घालून गेलो. चांगले महागाचे, खाली ट्रॅक्टरच्या टायरसारखी नक्षी. मामांनी बुटाकडं बघितलं अन् म्हणले, "ह्ये काहून घातलं बाबू? टाच कुठंय ह्याला?" मला वाटलं जुनं माणूस आहे, बोलणारच.

टाच कुठंय ते तिसऱ्या दिवशी कळलं. घोडी दुडकी चालायली होती, मी वरखाली आपटायलो होतो, अन् त्या आपटण्यात डावा पाय रिकिबीत, म्हणजे खोगिराला लटकणाऱ्या पाय ठेवायच्या लोखंडी कडीत, हळूहळू पुढं सरकत घोट्यापर्यंत आत गेला, मला पत्ताच नाही. तेवढ्यात बांधावरून कुत्रं आलं, घोडी बिचकली अन् मी डावीकडं कलंडलो. उजवा पाय जमिनीवर, डावा वर रिकिबीत, सोलची नक्षी लोखंडात रुतलेली, अन् मी लंगडी घातल्यासारखा घोडीसोबत चार-पाच उड्या मारत गेलो. नशीब की मामांच्या हातात लांब दोरी होती. नसती तर फरफटत गेलो असतो, कारण घोड्याला पायाशी काहीतरी लोंबकळतंय असं वाटलं की ते थांबत नाही, उलट अजून जोरात पळतं.

मग घरी आल्यावर रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर हेच बघत बसलो. पडणं वेगळं अन् पाय अडकून पडणं वेगळं, घोडेस्वारीच्या बुटाची सगळी रचना त्या दुसऱ्या गोष्टीसाठीच आहे. साधारण एक इंचाची, म्हणजे अडीच सेंटीमीटरची टाच, ती रिकिबीला अडते म्हणून पाय आरपार जात नाही. तळवा जवळपास गुळगुळीत, म्हणजे पडताना पाय सटकन बाहेर यावा. अन् बूट घोट्याच्या वर येणारा, घोट्याला आधार पाहिजे अन् लोखंड हाडावर आपटू नये म्हणून. रिकिबीची रुंदीसुद्धा बघावी लागते, बुटापेक्षा एकूण इंचभर जास्त पाहिजे, फार अरुंद असली तर बूट अडकतो, फार रुंद असली तर पायच आत जातो. रबर लावलेल्या सेफ्टी रिकिबीबी मिळतात, पाय ओढला की बाहेरच्या बाजूचं रबर निघून येतं. मामांना दाखवल्या, ते म्हणले रबर लहान पोरांच्या चड्डीला असतंय.

आपल्याकडं लोक काय काय घालून बसतात ते बघा एकदा. चप्पल तर सर्रास, यात्रेत निम्मे तसेच. चपलीत पाय निसटतो हे एक, पण खाली उतरल्यावर नाल मारलेला खूर अंगठ्यावर पडला तर साडेतीनशे किलोचं जनावर आहे ते, अंगठा ओळखू येणार नाही. ऊसाला पाणी द्यायचे गमबूट घालून एक पोरगा येतो, ते तर सगळ्यात डेंजर, वरून ढगळे, खालून रुंद, अन् रबर लोखंडाला धरून बसतं. एमआयडीसीतले सेफ्टी शूज मी स्वतः घालून बघितले, पुढं लोखंडी टोपी आहे म्हणून भारी वाटतात पण पंजा इतका रुंद की रिकिबीत घालतानाच जोर लावावा लागला, मग निघतील कसे? नाद सोडला.

शेवटी इथल्या मोच्याकडं गेलो, जुना चामडी बूट घेऊन, एक इंच टाच लावून द्या म्हणलं. त्यानं बूट उलटासुलटा केला अन् विचारलं, "नवरदेव उंचीला कमी पडायलाय का?" लावून दिली मात्र पक्की, वर चार खिळे. चार महिने त्याच्यावर काढले अन् मग ऑनलाइन जोधपुरी बूट मागवले. जोधपुरी म्हणजे घोट्यापर्यंतचे, बाजूनं पट्टा किंवा इलॅस्टिक असलेले. लेसवालेबी येतात पण लेस सुटून लोंबली की तीच कुठंतरी अडकणार, म्हणून मी घेतले नाहीत. नाव जोधपूरचंच, घोडेस्वारीच्या त्या विजारीसारखं, मांडीत ढगळ अन् पोटरीला घट्ट. 1897 साली व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाला जोधपूरचे सर प्रताप सिंग लंडनला गेले अन् तिथल्या लोकांनी ती विजार उचलली असं सांगतात. आपले आजोबा-पणजोबा घोड्यावर धोतरात बसायचे ते कसं काय, देव जाणे.

आता पोटऱ्या. याच्याबद्दल मला कुणीच सांगितलं नव्हतं. रिकीब ज्या चामडी पट्ट्याला लटकते तो पट्टा पोटरीच्या आतल्या बाजूला येतो, अन् दुडकीत प्रत्येक वेळी तिथली कातडी चिमटीत धरून पिळतो. पातळ ट्रॅकपँटीतून पहिल्या आठवड्यात दोन्ही पोटऱ्यांची सालपटं निघाली, आंघोळीचं पाणी लागलं की डोळ्यातून पाणी. मामांचा उपाय म्हणजे जुन्या धोतराची चार बोटं रुंद पट्टी, घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंत एकावर एक वेढे देत घट्ट गुंडाळायची. पूर्वी पोलिसांच्या पायाला असायच्या तशा. काम होतं त्यानं, खरं सांगतो. फक्त गुंडाळायला मला वीस मिनिटं लागतात अन् मामांना दोन.

त्याचा रेडिमेड भाऊ म्हणजे हाफ चॅप्स. घोट्यापासून गुडघ्याखालपर्यंतचं चामडी किंवा स्वेडचं कव्हर, चेन लावायची, बुटाखालून इलॅस्टिक घ्यायचं, झालं. माप घेताना घोडेस्वारीची पँट घालूनच पोटरीचा जाड भाग मोजायचा, अन् खुर्चीवर गुडघा काटकोनात ठेवून उंची मोजायची. नवीन असताना गुडघ्यामागं जरा टोचले तर टोचू द्या, घोट्यापाशी चामडं मोडलं की आपोआप खाली बसतात. अन् चेन बाहेरच्या बाजूला येते हं. मी पहिल्या दिवशी डावा-उजवा उलटा घातला, चेन आतून, मामांच्या खोगिराच्या चामड्यावर वीतभर ओरखडा पडला. खोगीर कानपूरचं. मामा त्या दिवशी माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत, चहासुद्धा एकट्यानंच पिले.

गुडघ्यापर्यंतचे उंच बूट दिसायला एक नंबर, त्यातबी उडी मारणाऱ्यांचे घोट्यापाशी लेसवाले मऊ अन् ड्रेसाजवाल्यांचे, म्हणजे घोड्याला ठेक्यात चालवून दाखवणाऱ्यांचे, कडक नळकांडी. स्पर्धेला ठीक आहे. आमच्याकडं मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, त्यात ते घालून बसायचं म्हणजे पाय उकडून काढायचे. शॉर्ट बूट अन् हाफ चॅप्सच बरे, घोडीवरून उतरलं की चॅप्स सोडून टाकायच्या.

पावसाळ्यात मात्र इथंच घोडं पेंड खातं. गुळगुळीत तळवा रिकिबीत चांगला पण आमच्या काळ्या मातीत चालताना बर्फावर चालल्यासारखं, घोडीपर्यंत जाईस्तोवर दोनदा बसलो मी चिखलात, अन् बुटाला किलोभर माती. आता बुटावर जुनी ढगळी चप्पल अडकवून जातो अन् चढायच्या आधी काढून ठेवतो, लोक हसतात. चामडं ओलं झालं तर उन्हात वाळवायचं नाही, तडकतं, सावलीत कागद कोंबून ठेवायचं.

सध्या चॅप्सची चेन धूळ खाऊन बसलीय, रनर तुटला, मोच्याकडं आहेत. त्यानं सोमवार सांगितलाय म्हणजे गुरुवार. तोवर मामांची धोतराची पट्टी, काल गुंडाळायला चौदा मिनिटं लागली.