पद्मिनी अपडेट ७: ड्रम निघाला एकदाचा

मंडळी, मागच्या वेळी माझ्या जुन्या प्रीमियर पद्मिनी (फियाट) गाडीचा मागचा डावा ब्रेक ड्रम जाम झालाय म्हणून रडलो होतो ना, तो निघाला. तीन रविवार गेले. पहिल्या रविवारी गंज सोडवायचं ऑईल मारून ठेवलं, दुसऱ्या रविवारी ठोकून ठोकून माझाच खांदा धरला, तिसऱ्या रविवारी शेजारचे काका ब्लो टॉर्च घेऊन आले, ड्रम तापवला आणि चार ठोक्यांत बाहेर. आत व्हील सिलिंडरची (चाकातला ब्रेक लावणारा भाग) पार वाट, पिस्टन जागचा हलत नाही.

आता हे चालू असताना रात्री जेवताना व्हीलर डीलर्स या जुन्या गाड्या घेऊन, दुरुस्त करून विकणाऱ्या टीव्ही शोचे जुने एपिसोड लावतो, तिथे त्यातला मेकॅनिक एड चायना गंजलेल्या बोल्टला पाना लावतो, जरा तोंड वाकडं करतो, कट, बोल्ट हातात! बायको म्हणते, त्या उंच माणसाचं बघ किती पटकन झालं. काय बोलणार.

पण माझं मत विचाराल तर त्यातलं काम खोटं नाहीये, एड खरंच गाडी खोलायचा आणि का खोलतोय ते नीट सांगायचा, मी कार्ब्युरेटर साफ करायला त्याचं बघूनच हात घातला. गंमत आहे ती शेवटच्या हिशोबात. गाडीची किंमत, पार्ट्सचा खर्च, विकली एवढ्याला, एवढा नफा, आणि मजुरी? ती धरतच नाहीत! माझ्या वहीत आजपर्यंत २१२ तास लिहिलेत, तासाला २०० रुपये धरले तरी ४२,४०० होतात आणि गाडीच मुळात ३५ हजाराला घेतलीय. २०१७ मध्ये एडने शो सोडला तेव्हा त्याने हेच सांगितलं होतं की गॅरेजमधलं बारीक काम दाखवणं अवघड पडतं म्हणून नव्या निर्मात्यांना ते कमी करायचंय. म्हणजे आपण ज्यासाठी बघतो तेच नको!

बाकीच्या अशा शोंपुढे हा तरी साधुसंत म्हणायचा. पिंप माय राइड, म्हणजे लोकांच्या खटारा गाड्या सजवून देणारा शो, त्यातल्या काही गाडीमालकांनी २०१५ मध्ये सांगितलं की गाडी कित्येक महिने अडकून पडली होती आणि शूटिंग झाल्यावर काही सामान काढूनही घेतलं. स्टोरेज वॉर्स, म्हणजे भाडं थकलेल्या गोदामांतल्या सामानाच्या लिलावाचा शो, त्यावर तर त्यातच बोली लावणाऱ्या डेव्ह हेस्टरने २०१२ मध्ये केस टाकली, आरोप काय तर गोदामात किमती वस्तू आधीच आणून ठेवतात. पुढे २०१४ मध्ये आपसात मिटलं, त्यामुळे खरंखोटं कोर्टात काही ठरलं नाही, पण मला नवल वाटलं नाही. मी इतकी वर्षं पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार चकरा मारतोय, आजवरचं घबाड काय तर पद्मिनीचा एक बरा हबकॅप, तोही घासाघीस करून. कॅमेरा घेऊन रोज कोण येणार आणि रोज खजिना कसा सापडणार, तुम्हीच सांगा.

असो, आता कामाचं. ड्रम लेथवर द्यायचाय, आतून कड पडलीय. व्हील सिलिंडर नवा मिळाला तर उत्तम, नाहीतर रबर किटवर भागवू. कुर्ल्याकडे किंवा चोर बाजारात कोणाच्या ओळखीचा फियाटवाला असेल तर कळवा, मागचा सिलिंडर हवाय, पुढचा नको, मागच्या वेळी एकाने तोच पाठवला होता. पत्र्याचे फोटो पुढच्या वेळी, ड्रायव्हरच्या पायाखाली भोक आहे आणि त्यातून सध्या पार्किंगची फरशी दिसतेय.