त्या यादीत माझी पदवी नव्हती

बुधवार, १४ जानेवारी २०२६

घरातले सगळे गड्ड्यावर, म्हणजे सोलापुरातल्या सिद्धेश्वराच्या जत्रेला गेलेत. काल अक्षता सोहळ्याला, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला, मीही संमती कट्ट्याजवळ उभी होते, सातही नंदीध्वज, त्या सजवलेल्या उंच मानाच्या काठ्या, डोळे भरून पाहिले. आज होम मैदानावर जायचं मात्र जमलं नाही. सोमवारी डेटाबेसचा पेपर आहे. तिळगूळ वाटून झाल्यावर आईंनीच दार ओढून घेतलं. म्हणाल्या, "तू बस अभ्यासाला. सिद्धेश्वर महाराज काही रुसायचे नाहीत." लग्नाला सतरा वर्षं झाली, पण मी अभ्यासाला बसावं म्हणून सासूबाई दार लावून घेतील असं कधी मनात आलं नव्हतं.

चाळिसाव्या वर्षी एमसीएला, म्हणजे कॉम्प्युटरच्या पदव्युत्तर पदवीला का गेले, हे मला खूप जणांनी विचारलंय. प्रत्येकाला थोडं थोडं सांगितलं, आज सगळं लिहून काढते.

२००६ ला गणितात बीएस्सी झाले आणि पुढच्याच वर्षी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागले. सूत किती आलं, कुठल्या मागावर किती गेलं, माल किती निघाला, हे सगळं व्हीबी ६ (व्हिज्युअल बेसिक) या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या भाषेत लिहिलेल्या एका प्रोग्रामवर चालायचं. तो लिहिणारा मुलगा कधीच पुण्याला निघून गेला होता. मायक्रोसॉफ्टनं व्हीबी ६ ला मदत देणं २००८ सालीच थांबवलं. आमच्याकडं ते चालू राहिलं, कारण अडलं की मी कोड उघडून बसायचे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला तेव्हा बिलाचे नवे रकाने मी रात्री जागून एकटीनं बसवले. कुणी शिकवलं नव्हतं, चुकत चुकत जमलं. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही.

दोन वर्षांपूर्वी मालकांनी नवं सॉफ्टवेअर बाहेरून घ्यायचं ठरवलं, तेव्हा मी दुसरीकडं अर्ज करायला घेतले. ऑनलाइन फॉर्ममध्ये शिक्षणाचा रकाना आला की यादी उघडायची: बीई, बीटेक, एमसीए, बीएस्सी कॉम्प्युटर. बीएस्सी गणित कुठंच नसायचं. काहीतरी निवडल्याशिवाय पुढचं पान उघडायचं नाही आणि खोटं निवडायचं नव्हतं. इतक्या वर्षांचं काम त्या एका रकान्यापाशी अडायचं.

एका ओळखीनं पुण्यात मुलाखत मिळाली. सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं गेले. समोरच्या मुलीनं नम्रपणे विचारलं, "नॉर्मलायझेशन समजावून सांगाल का?" शब्द ऐकलेला होता, अर्थ सांगता आला नाही. परतीच्या गाडीत कुर्डुवाडी येईपर्यंत मी खिडकीकडं तोंड करून बसले होते.

आणि नोव्हेंबरात वर्गात सरांनी तेच शिकवलं. फळ्यावर एक तक्ता काढला, एकाच गिऱ्हाइकाचं नाव-पत्ता प्रत्येक बिलासमोर पुन्हा पुन्हा लिहिलेला. सर विचारत होते, यात काय बिघडेल? मला उत्तर पाठ होतं, कारण ते मी भोगलेलं होतं. आमच्या सूत-आवकेच्या तक्त्यात प्रत्येक नोंदीसमोर पार्टीचं, म्हणजे सूत देणाऱ्या व्यापाऱ्याचं पूर्ण नाव, पत्ता, जीएसटी नंबर टाईप करायचो. एका पार्टीचं नाव तीन जणांनी तीन तऱ्हेनं घातलं: एकानं 'ट्रेडर्स', दुसऱ्यानं 'ट्रेडिंग', तिसऱ्यानं शेवटी टिंब. कॉम्प्युटरच्या लेखी त्या तीन वेगळ्या पार्ट्या. वर्षअखेरीला सुताचा शिल्लक साठा जुळेना, गोडाऊनमध्ये पोती मोजायला मी आणि हमाल दोन दिवस उभे. शेवटी पत्ता बदलला म्हणून दुरुस्ती केली, तर शेकडो नोंदींपैकी काहींत जुनाच राहिला. पार्टीचा तक्ता वेगळा करायचा, तिला एक क्रमांक द्यायचा आणि आवकेत फक्त तो क्रमांक ठेवायचा, एवढंच ते. एडगर कॉड या संगणकशास्त्रज्ञांनी १९७० साली ज्या निबंधातून ही मांडणी सुरू केली, ती माझ्या जन्माच्या पंधरा वर्षं आधीची. इतकी वर्षं मी ज्या दुखण्याला रोज मलम लावत होते, त्याचं नाव मला त्या तासाला कळलं. पुण्यातल्या त्या मुलीचा प्रश्न योग्यच होता.

शेजारी बार्शीची एक मुलगी बसते, बावीस वर्षांची. रिकर्शन, म्हणजे फंक्शननं स्वतःलाच पुन्हा बोलावणं, मला तिनं समजावलं, तिला मालासोबत जाणारं चलन आणि बिल यांतला फरक मी सांगितला. ती मला ताई म्हणते. तिचा हात कीबोर्डवर भराभर चालतो. मी आधी कागदावर चौकटी काढते, मग टाईप करते. उशीर लागतो, पण चुका कमी निघतात.

जुन्या कॉम्प्युटरच्या पंच कार्डाचा, म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डाचा विषय निघाला तेव्हा मी कारखान्यातून जुन्या जॅकार्डचं, नक्षी विणणाऱ्या मागाचं, एक कार्ड मागून आणलं. आमचे कार्ड कापणारे मामा आता निवृत्त झालेत. घरी तेलुगू, कामावर मराठी. ग्राफ कागदावरची नक्षी बघून ते भोकं पाडायचे. "भोक असलं की धागा वर, नसलं की खाली. बस," एवढंच सांगायचे. एका कार्डात एका आडव्या धाग्याची गोष्ट, अशी शेकडो कार्डं दोरीनं ओवली की चादरीवर मोर उतरतो. लियोंच्या जॅकार्डनं १८०४ च्या सुमारास ही युक्ती मागावर बसवली आणि चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणकयंत्रासाठी कार्डाची कल्पना तिथूनच उचलली. वर्गात पोरं ते कार्ड उजेडाकडं धरून बघत होती. निम्म्या पोरांच्या आजोबा-पणजोबांनी माग चालवलेले, पण हे कुणी त्यांच्या हातात दिलं नव्हतं.

नोकरीचं म्हणाल तर मी स्वतःला फसवत नाही. कॅम्पसला येणाऱ्या बऱ्याच कंपन्या शिक्षणात दोन वर्षांपेक्षा जास्त खंड चालवून घेत नाहीत. माझा खंड १९ वर्षांचा. त्या रांगेत मला जागा नाही, हे समजून मी आले. पगार सुटलाय, महिन्याला जीएसटीची विवरणं भरण्यापुरतं संध्याकाळी कारखान्यात जाते, घर ह्यांच्या एकट्याच्या पगारावर ताणून चाललंय. मुलगा नववीत आहे, एका टेबलाच्या दोन बाजूंना आम्ही दोघं. पण सूत, माग, माल, पार्टी हे ज्याला आतून माहीत आहे आणि डेटाबेसही नीट बांधता येतो, असं माणूस सोलापुरात फार नाही. टॉवेल-चादरीच्या कारखान्यांना अशा माणसाची गरज आहे, ही मी अठरा वर्षं रोज बघितलीय. मला तेच काम हवंय, आणि आता पदवीच्या रकान्यात निवडायला काहीतरी असेल.

पुढच्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टला आमच्याच आवकेचा जुना डेटा द्या, असं मालकांना विचारलं होतं. आज सकाळी तिळगूळ घेऊन गेले तेव्हा हो म्हणाले. पेपर झाला की मंगळवारी पहिल्यांदा ती तीन नावांची पार्टी एक करायची.

बाहेर फाटक वाजलं. आले वाटतं सगळे.