आमची वाटचाल: बावन्न दरवाजे, एक मोबाईल अन् सात रुपयांचा कट

परवा एका लग्नात एकाने विचारलं, तुमचं नेमकं काम काय चालतं? मी म्हणलं, लोकांना गल्लीबोळातून पायी फिरवतो आणि वरून त्याचे पैसे घेतो. हसला तो. पण खरंच तेवढंच आहे, खजिना शोधाचा खेळ. मोबाईलवर क्लू येतो, त्या जागी पोचायचं, तिथं जे आहे ते डोळ्यानं बघायचं, उत्तर टाकायचं, बरोबर आलं की पुढचा क्लू उघडतो. अडीच-तीन तासात आठ-नऊ जागा. रेकी, रेडियस, हिंटची पेनल्टी ही भानगड या धंद्यातल्यांना माहीत आहेच, बाकीच्यांनी सुखात राहावं.

२०१७ ला सुरू केलं. शहर तेव्हा कागदोपत्री औरंगाबाद, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर, आमचं लेटरहेड दोनदा छापून झालं. आमचा सगळ्यात जुना क्लू पण नावावरचाच आहे, शहराची चार नावं क्रमानं लावा. मलिक अंबरनं १६१० ला वसवलं ते खडकी, त्याच्यामागं पोरगा फतेहखान, त्यानं केलं फतेहनगर, मग १६५३ ला औरंगाबाद, मग आत्ताचं. फतेहनगर हे इथंच जन्मलेल्या लोकांना पण माहीत नसतं. टीममधे लगेच भांडण लागतं, एक जण गुगल उघडतो, तोवर दुसरी टीम रिक्षा करून पुढं गेलेली असते (रिक्षा चालत नाही आमच्या नियमात, पण लोक करतात, आम्हाला दिसतं सगळं).

हे सुचलं कसं तर मी तेव्हा एका हॉटेलच्या ट्रॅव्हल डेस्कला होतो. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. ज्याची ट्रिप नीट लावलेली नाही असा पर्यटक या दोन दिवसांत लॉबीत मोबाईल चाळत बसलेला असायचा. त्याला विचारलं शहर बघितलं का, तर म्हणायचा हो, मकबऱ्याला जाऊन आलो, फोटो काढला. झालं शहर. अरे बाबा, बावन्न दरवाजांचं शहर म्हणतात याला, आज बावन्न उभे नाहीत ते सोड पण जे उभे आहेत त्यातल्या काहींच्या खालून आमची वाहतूक अजून रोज जाते. हा लॉबीत बसलेला माणूस म्हणजे आपलं गिऱ्हाईक, हे डोक्यात फिट बसलं.

पहिलं दीड वर्ष ॲप-बिप काही नव्हतं. व्हॉट्सॲपवर चालायचं सगळं. मी घरी डायनिंग टेबलवर दोन फोन, एक शंभर पानी रजिस्टर आणि भिंतीवरचं घड्याळ घेऊन बसायचो, टीमनं फोटो पाठवला की मी बघून पुढचा क्लू पाठवायचा. सहा टीम असल्या की जेवण बंद. एकदा टीम तीनचा क्लू टीम पाचला गेला आणि ते लोक पाणचक्कीला जायच्या ऐवजी थेट शेवटच्या जागी जाऊन बसले, वीस मिनिटात खेळ खल्लास, वर मलाच म्हणे, लई सोपं होतं हो.

ॲप नंतर केलं. ॲपपेक्षा मला आमच्या टेस्टिंगच्या फोनचं कौतुक जास्त. सहा हजाराचा, स्क्रीनला तडा, बॅटरी फुगलेली. आजही नवीन रूट पहिल्यांदा त्याच्यावर चालवतो. भंगार फोनवर चाललं तर सगळ्यांच्या फोनवर चालतं. सुरुवातीला मोठ्या हौसेनं प्रत्येक जागेचा रेडियस, म्हणजे जागेच्या किती जवळ आलं की ॲप पोचलात म्हणतं ते अंतर, दहा मीटर ठेवला होता. भडकल गेटच्या कमानीखाली उभं राहिलं की डोक्यावर एवढा मोठा दगड, आभाळच दिसत नाही, सॅटेलाईट दिसणार कुठून, नकाशावरचा आपला ठिपका जाऊन बसायचा रस्त्यापलीकडं. माणूस दरवाजात उभा आणि फोन म्हणतोय अजून पोचला नाहीत. गुलमंडीत उलटा घोळ, तिथं गल्ली अरुंद, सिग्नल भिंतींना आपटून येतो, फोन तुम्हाला शेजारच्या गल्लीत नेऊन ठेवतो. आता जुन्या शहरात चाळीसच्या खाली रेडियस ठेवत नाही आणि कमानीचा क्लू असेल तर पिन कमानीत न टाकता दहा-पंधरा पावलं अलीकडं, मोकळ्यात टाकतो. फुकट सांगतोय, लिहून घ्या.

दुसरं फुकटचं. क्यूआर स्टिकर कधीच दरवाजाला, भिंतीला चिकटवू नका. एक तर संरक्षित वास्तू असली तर तो सरळ गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी चारशे वर्षं उभ्या असलेल्या दगडाला फेव्हिकॉल लावायला हात कसा उचलतो. आम्ही टपरीवर, पानठेल्यावर, पुस्तकाच्या दुकानावर लावतो, मालकाला विचारून, महिन्याला काहीतरी देऊन. त्यात पण गंमत झाली, एका पानठेल्यावर आमचा क्यूआर आणि त्याचा पैशाचा क्यूआर शेजारी शेजारी, पुण्याच्या एका टीमनं घाईत त्यालाच एक्कावन्न रुपये पाठवून दिले एंट्री फी समजून. आणि त्याचं गिऱ्हाईक बिचारं पानाचे पैसे द्यायला स्कॅन करायलंय तर स्क्रीनवर येतंय, "ज्यानं खडकी वसवली त्यानं १६१२ ला विजयाची आठवण म्हणून काय बांधलं?" पानवाला मला म्हणला, साहेब तुमचा मलिक अंबर माझी उधारी वाढवायलाय.

लॉकडाऊनमधे बंद होतो. सगळेच होते, त्याचं काय सांगायचं.

सांगायचंय ते २०२२ चं. आमच्याकडं रेकीला एक पोरगा होता, चौदा महिने होता. हुशार, बोलायला गोड, गाडी वाऱ्यासारखी चालवायचा. रेकी म्हणजे काय तर इव्हेंटच्या आदल्या दिवशी प्रत्येक जागी स्वतः जाऊन बघायचं, पाटी आहे का, खड्डा खणलाय का, मांडव घातलाय का, उत्तर तेच आहे का. रजिस्टरला टिक करायची आणि वेळ लिहायची. आमचा एक क्लू होता, सगळ्यांचा लाडका. पैठण गेटजवळच्या चाचांच्या टपरीवरचा. भडकल गेट ज्या साली बांधलं त्यात चाचांच्या पाटीवरचा कट चहाचा भाव मिळवा. १६१२ अधिक ७, उत्तर १६१९. मला या क्लूचा अजून अभिमान आहे, कारण निम्मं उत्तर इतिहासात आणि निम्मं टपरीवर, आणि टीम तिथं थांबली की चहा पितेच, चाचांचा पण धंदा.

वाळूजच्या एका कंपनीची आउटिंग, डिसेंबरातला रविवार, एकशे दहा माणसं, बावीस टीम. आमच्यासाठी तोवरची सगळ्यात मोठी ऑर्डर. सकाळी सातला एकाच वेळी बावीस टीमनी ॲप उघडलं आणि आमचा स्वस्तातला सर्व्हर बसला. बरं तो वीस मिनिटात उठला, ती माझी चूक, मान्य. पण पाचवा क्लू. एकामागून एक टीम चाचांच्या टपरीवर येऊन उभी, १६१९ कुणी टाकतच नाही, सगळे १६२२ टाकायलेत, ॲप म्हणतंय चूक, हिंट घ्या, हिंट घेतली की पाच मिनिटांची पेनल्टी. पाटीवर कट दहा रुपये! मंगळवारपासून दहाच होता. टपरीपुढं सत्तर माणसं गोळा, ट्रॅफिक जाम, एचआर मॅडम उन्हात उभ्या, आणि मी घरी लॅपटॉपवर उत्तर बदलायलो तर पासवर्ड आठवत नाही.

नंतर चाचांना विचारलं, एक शब्द सांगायचा ना. चाचा म्हणले, "भाई, मैं तो तुमारे छोकरे को सोमवार कोच बोला था, कल से दस होरा बोलके." सोमवारी सांगितलं होतं. आणि रजिस्टरला शनिवारची टिक, वेळ संध्याकाळी पाच चाळीस, सुंदर अक्षरात. घरी बसून केलेली टिक.

कंपनीनं शिल्लक अठ्ठ्याहत्तर हजार अडकवले ते आजतागायत. हॉटेलवाल्यांत बातमी पसरली. महिन्याभरात पोरगा सोडून गेला, आणि पुढच्या महिन्यात त्याचंच सुरू, आमच्या निम्म्या भावात, आमचेच क्लू. शब्दाला शब्द. एका क्लूमधे मी "नौबत" चुकून "नोबत" लिहिलं होतं, त्याच्याकडं पण नोबत. सगळ्या क्लूंची शीट त्याच्याकडं होती कारण मीच दिली होती. म्हणून सांगतो, रेकीच्या माणसाला फक्त त्या दिवसाचा रूट द्या, अख्खी शीट बापाला पण देऊ नका.

जानेवारी ते मार्च २०२३, मोजून चार बुकिंग. ॲपवाल्याचे पैसे थकले, ऑफिसचं भाडं थकलं, बायकोनं तिच्या भिशीत बायकांना सांगून स्वतःचा नंबर पुढं घेतला आणि सर्व्हरचं वर्षाचं बिल भरलं. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही, फक्त कुणी आलं की "यांचा खजिना" म्हणते, तेवढंच.

आणि बाई. अंबडच्या एका शाळेतल्या बाई, नाव लिहिलेलं त्यांना आवडणार नाही. २०१८ पासून (लॉकडाऊन सोडून) दर डिसेंबरला सातवीची पोरं घेऊन एसटीनं येतात. पहिल्या वर्षी फोन आला तेव्हा म्हणल्या, सर, पोरं अठ्ठेचाळीस आहेत आणि स्मार्टफोन माझा धरून तीन. मी म्हणलं मग कसं व्हायचं. त्या म्हणल्या तुम्ही काढा काहीतरी, धंदा तुमचा आहे. म्हणून आम्ही लॅमिनेशनची कार्डं केली, फोन एका पोराकडं, नकाशाचं कार्ड दुसऱ्याकडं, उत्तराची वही तिसऱ्याकडं, आणि तिघं एकत्र आल्याशिवाय क्लू सुटतच नाही अशी रचना. आज कॉर्पोरेटला आम्ही तेच "टीम बिल्डिंग" म्हणून महागात विकतो. तर २०२३ ला बाईंनी आमची अडचण कुठून तरी ऐकली आणि मार्चमधेच डिसेंबरचे निम्मे पैसे पाठवून दिले, स्वतःच्या खात्यातून. मी फोन केला, बाई एवढ्या लवकर कशाला. म्हणल्या, "तुम्ही डिसेंबरला असायला पाहिजेत, म्हणून."

त्यांच्या पोरांमुळं पाणचक्कीचा क्लू पण बदलला. आधी विचारायचो पाणचक्की कुणाच्या दर्ग्यापाशी आहे, बाबा शाह मुसाफिर, पाटी वाचली की उत्तर. एका पोरानं मला विचारलं, सर, पाणी एवढ्या वर चढतंय तर मोटर कुठंय? मोटर नाही रे. उत्तरेच्या डोंगरातून जमिनीखालच्या मातीच्या नळांनी पाणी येतं, उगम वर आहे म्हणून त्या दाबानंच भिंतीत चढतं आणि वरून हौदात पडतं, त्या जोरावर जातं फिरायचं, फकीर अन् यात्रेकरूंचं पीठ दळून व्हायचं. आता क्लूच आहे तो, "मोटर शोधा". आयटीवाले बरोबर दहा मिनिटं शोधतात. शेतकऱ्याची पोरं दोन मिनिटात सांगतात नाही म्हणून.

त्या पोराचं, म्हणजे आमच्या माजी रेकीवाल्याचं पुढं काय झालं ते पण सांगून टाकतो. २०२३ च्या पावसाळ्यानंतर चाचांनी कट बारा केला. आदल्या रात्री साडेदहाला मला फोन. "भाई, कल से बारा. तुमारा वो बदल लेव." मी विचारलं, चाचा, अजून कुणाला सांगितलं का. "नक्को बाबा, मैं कायको बोलूं." दुसऱ्या दिवशी त्याच्या ग्रुपची तीस माणसं टपरीवर १६२४ टाकत उभी. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. बायकोला फोन करून सांगितलं. पण त्यानं काही त्याचा धंदा बुडाला नाही, उलट त्यानं तो क्लूच काढून टाकला, चाचांच्या टपरीला वळसा घालून रूट केला आणि सहा महिन्यांनी शहरच सोडलं. आता लग्नात नवरा-नवरीच्या मित्रांसाठी खजिना शोध करतो म्हणे, रिसॉर्टमधे, एका इव्हेंटचे जेवढे घेतो तेवढं आमचं महिन्याचं होतं. "नोबत" तिथं पण वापरतो का बघायचंय एकदा.

२०२४ आणि २०२५ बरी गेली. मकाई गेटचा क्लू आता दरवाजाच्या आतून काढून खाम नदीच्या बाजूला घेतलाय, आत गाड्या फार. उन्हाळ्यात सकाळी साडेसहाच्या नंतर टीम सोडत नाही, बेचाळीसला फोनच गरम होऊन बंद पडतात, माणसं नंतर. टीममधे चारच्या वर माणूस घेत नाही, पाचवा फक्त सेल्फी काढतो. ॲडव्हान्स पूर्ण, कंपनी कितीबी मोठी असो.

आणि रेकीला आता मी स्वतः जातो. शनिवारी संध्याकाळी गाडी पैठण गेटला लावायची, पायी गुलमंडी, शहागंजचं घड्याळ, तिथून परत. चाचांनी परवा पाटीच नवीन केली, डिजिटल, लाल आकडे पळतात. म्हणले आता भाव रोज बदलता येईल. मी म्हणलं चाचा, जीव घ्यायचाय का माझा.