रंकाळ्याच्या पाण्यात जिवंत किती?

एमएस्सीच्या प्रोजेक्टला मी कोल्हापूरच्या रंकाळा तलावाचं पाणी घेतलं होतं. एक मिली पाण्यात जिवंत बॅक्टेरिया किती, एवढंच मोजायचं होतं. आर टू ए अगर, म्हणजे पाण्यातले बॅक्टेरिया वाढवायचं कमी पोषणाचं माध्यम, त्याच्या प्लेटा लावल्या, आठवडाभर ठेवल्या, उगवलेले ठिपके मोजले, हिशोब आला मिलीला काही हजार. आणि तेच पाणी काळ्या फिल्टरवर गाळून डॅपी नावाच्या निळ्या चमकणाऱ्या रंगाने रंगवून मायक्रोस्कोपखाली बघितलं तर दहा लाखांच्या वर! मला वाटलं पाणी पातळ करतानाच्या (डायल्यूशनच्या) हिशोबात शून्य खाल्लं कुठेतरी, परत केलं, तिसऱ्यांदा केलं, तेच.

मॅडम म्हणाल्या, "अगं तुझं चुकलेलं नाहीये, सगळ्यांचं असंच येतं, प्लेटवर एक टक्कासुद्धा उगवत नाहीत." १९८५ मध्ये स्टेली आणि कोनोप्का या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी याला नावच दिलंय, ग्रेट प्लेट काउंट अनॉमली. पण मग उरलेले सगळे मेलेले का? डॅपी डीएनएला चिकटतो, त्याला जिवंत-मेलेलं कळत नाही.

म्हणून जिवंत पेशी वेगळ्या ओळखायची कोगुरे या जपानी शास्त्रज्ञांची १९७९ ची पद्धत करायची ठरली. पाण्यात थोडं यीस्ट एक्स्ट्रॅक्ट आणि नॅलिडिक्सिक ॲसिड हे अँटिबायोटिक घालून सहा तास अंधारात ठेवायचं. खायला मिळालं की जिवंत पेशी वाढायला लागते, पण ॲसिड डीएनएची कॉपी होऊ देत नाही, त्यामुळे ती दुभंगत नाही, नुसती लांबत जाते. मेलेली आहे तशीच राहते.

संध्याकाळी सातला स्लाइड लावली आणि बघतच राहिले. सकाळी जिथे नुसते बारीक निळे ठिपके होते तिथे लांबच लांब काड्या! उकळून गार केलेल्या पाण्यात एकही नाही. प्लेटवर कधीच न दिसलेले हे जीव, आणि जिवंत होते हो सगळे.

खरी डोकेदुखी पुढे, लांब म्हणजे किती लांब? शेवटी सुरुवातीच्या सरासरीच्या दुप्पट धरलं. ग्रॅम-पॉझिटिव्ह गटातल्या बऱ्याच बॅक्टेरियांना हे ॲसिड बाधत नाही, ते दुभंगतात आणि लांबलेल्यांत येतच नाहीत, म्हणजे माझा आकडा कमीच असणार, तरी प्लेटच्या कितीतरी पट आला. १९८२ मध्ये अमेरिकन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रीटा कोलवेल यांच्या लॅबने याच पद्धतीने दाखवलं होतं की प्लेटवर न उगवणारा कॉलऱ्याचा जंतू पाण्यात जिवंत असू शकतो, ते मला त्या रात्री खरं समजलं. पाण्याच्या रिपोर्टवर नुसता प्लेट काउंट असला की आता मी लगेच विचारते, आणि न उगवलेल्यांचं काय?